प्रस्तार आणि नकार

मुळशी तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या संगणकीय संगीताच्या चर्चेत का याव्यात, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून या ओव्यांचे संकलन सुरू केले. पुढे १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणासाठी बर्नार बेल त्यांच्याबरोबर आले. बेल हे संगणकाचे अभ्यासक. तबल्याच्या रचना नियमांच्या आधारे, पण यदृच्छया निर्माण करणारी 'बोल प्रोसेसर' ही प्रणाली त्यांनी त्याआधीच रचली होती. ही दोन कामे सहसा वेगवेगळ्या खात्यांत टाकली जातात. ती एकत्र वाचली तर निर्मिती आणि मूल्य यांच्या संबंधाविषयीची आपल्या समीक्षेतील एक रूढ समजूत तपासून घेता येईल.

नियमांतून संगीत 'मोजण्याची' कल्पना आपल्याकडे परकी नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांचे ५०४० क्रम मांडण्याची रीत दिली आहे. त्याहून विलक्षण आहेत नष्ट आणि उद्दिष्ट या त्याच्या प्रक्रिया: क्रमांक सांगितला तर तान काढायची, तान सांगितली तर तिचा क्रमांक. आजचा गणिती या ५०४० क्रमांत एक 'गट' पाहतो, कारण एका क्रमबदलावर दुसरा केला की तिसरा क्रमबदलच मिळतो. शार्ङ्गदेवाला गणना हवी होती, ही क्रिया नव्हे. पण त्याने प्रस्ताराला संगीत म्हणण्याची चूक केली नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रस्तार म्हणजे शक्यतांची वखार. तीतून काय उचलायचे, हे प्रस्तार सांगत नाही. झेनाकिसने १९६६च्या 'नोमॉस आल्फा' या चेलोच्या रचनेत घनाच्या २४ भ्रमणांचा गट वापरला तेव्हाही निवडणारा कान झेनाकिसचाच होता.

बोल प्रोसेसरचे वेगळेपण येथे आहे. त्याचे बीजगणित साधे आहे: बोलांच्या ओळी एकापुढे एक जोडत जायच्या, कंस कुठेही घातले तरी चालते, क्रम मात्र बदलता येत नाही. कायद्याचा भरीचा भाग खालीत जाताना 'धा'चा 'ता' होतो आणि बाकीची रचना तशीच राहते. गणितात अशा रचना जपणाऱ्या संगतीला होमोमॉर्फिझम म्हणतात. तबलजी ती नाव न घेता रोज वाजवतो. नियमांना भार दिलेले असतात, त्यांनुसार यंत्र यदृच्छया पलटे काढते. बेल आणि जेम्स किपन यांनी हे पलटे लखनौ घराण्याचे खलीफा आफाक हुसेन खाँ यांच्यासमोर ठेवले. उस्तादांनी नाकारले की व्याकरण दुरुस्त होई, स्वीकारले की पुढे जाई. म्हणजे या प्रयोगातली खरी सामग्री यंत्राची निर्मिती नसून उस्तादांचा नकार आहे. यादृच्छिकतेचे काम फक्त त्या नकाराला प्रसंग पुरवण्याचे.

येथे मर्ढेकर आठवतात. संवाद, विरोध आणि समतोल या लयनियमांनी झालेली संवेदनांची संघटना म्हणजे सौंदर्य, ही त्यांची भूमिका काटेकोरपणे घेतली तर हे नियम पाळणारी कोणतीही रचना, ती कुणीही केलेली असो, सुंदर ठरायला हवी. मग व्याकरणाने मान्य केलेला पलटा उस्ताद का नाकारतात? एखादा नियम सांगायचा राहून गेला असेल, असे मर्ढेकरवादी म्हणेल. नियम घाला; पुढच्या वेळी पुन्हा एखादा पलटा नाकारला जाईल. ही मालिका कधी संपेल की नाही हा वादाचा विषय आहे. परंतु ती चालवायला नियमांबाहेरचा कुणीतरी लागतो, आणि लयसिद्धांतात त्याला जागा नाही. लेखकाला निरोप देणाऱ्या संरचनावादानेही ही जागा रिकामीच ठेवली. वाचक आला तो अर्थ लावायला, नाकारायला नाही.

लोकसाहित्यापुरती ती जागा याकोबसन आणि बोगातिर्योव यांनी १९२९मध्ये दाखवली होती. समूहाने न स्वीकारलेली कृती लोकपरंपरेत उरतच नाही, असे त्यांचे प्रतिपादन. मात्र त्यांचा 'समूह' मला फार एकसंध वाटतो. सासरच्या जाचाची, बाईच्या जन्माच्या भोगाची ओवी गावच्या पारावर कोण चालू देईल? ती टिकली ती जात्यापाशी, पहाटे, समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या दुसरीने ती उचलली म्हणून. लिहून घेतलेली ओवी दोन ओळींची दिसते. गळ्यावर येताना ती तुटते, परतते, तिच्यात संबोधने भरतात. ठरावीक प्रतिमा, ठरावीक नाती, ठरावीक यमके पाहता व्याकरण लिहिण्यास तीहून सोयीची सामग्री शोधून सापडणार नाही. पण घराण्याच्या खलीफाला नकाराचा अधिकार वारशाने मिळतो, दळणाऱ्या बाईला इतरत्र कुठलाच नसतो. ओवी न उचलणे, पुढची लावून देणे, हाच काय तो तिचा निवाडा.

पिठाची गिरणी आली आणि ही जागा मोडली. आज एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह खुला आहे. मजकूर रचणाऱ्या आजच्या यंत्रांना व्याकरण लिहून देण्याचीही गरज उरलेली नाही. हवी तेवढी बिनचूक ओवी ती पाडतील. अशा ओवीला खोटी म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण 'खरी' ओवीही बऱ्याच अंशी आधीच्या ओव्यांचीच जुळणी असते. अडचण दुसरी आहे. लखनौत 'हे नाही' याची नोंद ठेवणे हीच पद्धत होती. मुळशीत ध्वनिफितीवर आली ती गायलेली ओवी. समोरच्या बाईने खुंटा ओढता ओढता जी जाऊ दिली, ती कोणत्याच फितीवर नाही.