इसबाचा तक्ता चुकतो कुठे?

शाळेतल्या आरोग्याच्या तक्त्यांत त्वचारोगांची मांडणी बहुधा तीन रकान्यांत असते : रोग, जंतू, उपाय. खरूज व नायटा यांत नीट बसतात. खरूज सूक्ष्म किडीमुळे होते, नायटा बुरशीमुळे, दोन्ही संसर्गजन्य. इसबही त्याच ओळीत घातले की तक्ता चुकतो, आणि त्याचा त्रास विद्यार्थ्याला होतो. त्याला वेगळ्या बाकावर बसवतात, घरी जंतुनाशक साबणाने घासून काढतात. वास्तविक इसब स्पर्शाने पसरत नाही.

मग जंतूंचा संबंधच नाही का? आहे, पण वेगळा. लेडन, मार्पल्स व क्लिगमन यांना १९७४ साली इसबाच्या बहुतेक रुग्णांच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आढळला. मात्र सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकातही तो असतो. तेव्हा ‘सापडला’ म्हणजे ‘त्यानेच केले’ असे नव्हे.

२००६ साली दुसरा धागा हाती आला. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेचे आवरण घट्ट व ओलसर ठेवते. त्याच्या जनुकात दोष असला तर इसबाचा संभव वाढतो. सैल, कोरड्या आवरणावर हा जीवाणू ठाण मांडतो. त्याची विकरे आवरण आणखी कुरतडतात. त्यातले एक विकर मज्जातंतूंना थेट चेतवून खाज आणते, असे २०२३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. खाजवले की त्वचा फाटते, आणि चक्र पुन्हा फिरते.

जाहिरातींतला साबण हे चक्र तोडत नाही. कडक साबण त्वचेची स्निग्धता धुऊन नेतो. साध्या साबणापेक्षा अधिक उपयोग सिद्ध न झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये अशा साबणांतून वगळायला लावली.

अहिल्यानगर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. कोरड्या हवेत इसब बळावते. बांधावरच्या गाजरगवतानेही शेतात राबणाऱ्यांना इसब होते. तिथे मूळ कारण वनस्पतीतले पार्थेनिन. जीवाणू शिरतात ते नंतर.

म्हणून तक्त्यात ‘परिस्थिती’ हा चौथा रकाना घालावा, असे आम्हांला वाटते. इसब असलेल्या मुलाला सौम्य साबण आणि आंघोळीनंतर लगेच स्निग्ध मलम हवे. पू किंवा पिवळी खपली दिसली तर डॉक्टर हवा. आणि बाक मात्र नेहमीचाच हवा.