जामखेड : अनुभव आणि पुरावा
लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद आघाताने बनलेल्या काचेने मिटवला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचे ‘जामखेड’ (१९९४) वाचताना आम्ही असाच पुरावा शोधतो. शिकलेल्या परिचारिका खेड्यात रुजेनात, तेव्हा गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. हा १९७० नंतरचा इतिहास पुस्तकात जिवंत उतरला आहे. पण लेखकच प्रकल्पाचे संस्थापक, आणि बालमृत्यू इतरत्रही घटत होते. मग श्रेय कशाचे? इतर गावांशी केलेली तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली : प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी, मात्र फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरचा. लोणारची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही तुलनाही वर्गात मांडावी. त्याने सेविकांचा गौरव उणावत नाही, पक्का होतो.