मरुभूमीतील वस्ती आणि हौशी छायाचित्रकाराची दुपार

'वाळवंट' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात वाळू उभी राहते. मग ती चंद्रभागेकाठची असो वा थरची. अमेरिकेतील सोनोरन मरुभूमीस हा शब्द लावताना म्हणूनच सावध असावे लागते. ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी वर्षाकाठी सुमारे ११ इंच पाऊस पडतो, तोही उन्हाळा व हिवाळा अशा दोन हंगामांत विभागून. त्यामुळे तेथील भूमी उघडी नाही. काटेरी झुडपे, हिरव्या सालीचे पालो वर्दे वृक्ष आणि सवारो नावाचे उंच निवडुंग यांनी ती व्यापलेली आहे. अशा भूमीवरील गृहवस्त्यांत राहणारी हौशी मंडळी आपल्याच गल्लीची छायाचित्रे घेतात: हिरवळीऐवजी खडी अंथरलेले अंगण, सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणभिंत, छपरावरील कूलर, टपालपेटी, कचऱ्याची पिंपे. या चित्रांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे, एवढाच येथे प्रश्न आहे.

हौशी माणसाची दृष्टी निरागस असते व तोच त्याचा गुण होय, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते आम्हांस मान्य नाही. तांबूस आकाशावर उमटलेली सवारोची काळी आकृती हे अशा संग्रहांतील सर्वांत आवडते चित्र. आणि ते निरागस नसून दिनदर्शिकांवरून पाठ केलेले आहे. अर्थात या पाठांतरामागे एक तांत्रिक कारणही आहे, हे मान्य केले पाहिजे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. भर दुपारी पांढरी भिंत व फिकट खडी यांना तो मळकट करून टाकतो. भिंत उजळावी तर आकाश विरून जाते, आकाश राखावे तर सावल्या काळ्याठिक्कर पडतात. सायंकाळी ही ओढाताण मिटते. छायाचित्रकार मग सायंकाळची वाट पाहतो. परंतु या वस्तीचा स्वभाव प्रकट होतो तो दुपारीच: ओढलेले पडदे, निर्मनुष्य रस्ता, सावलीच्या अरुंद पट्ट्यात कशीबशी घुसवलेली मोटार.

१९७५ साली रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात विल्यम जेंकिन्स यांनी 'न्यू टोपोग्राफिक्स' हे प्रदर्शन भरविले. त्यात जो डील यांची न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या नव्या वस्त्यांची चित्रे होती. डील उंचावरून खाली पाहतात आणि क्षितिज चौकटीबाहेर ठेवतात. फ्रेडरिक सॉमर यांनी ॲरिझोनाच्या भूदृश्यांत १९४०च्या दशकातच हे करून दाखविले होते. मात्र त्यांच्या चित्रांत घरे नव्हती. क्षितिज गेले की आकाश गेले, आणि आकाशाबरोबर सूर्यास्ताचा आधारही गेला. प्रेक्षकास जमिनीकडेच पाहावे लागते: खडी कोठे संपते, झुडूप कोठे सुरू होते, भिंत कोणास आत घेते व कोणास बाहेर ठेवते.

ही अलिप्तता बुद्धिपुरस्सर पत्करलेली आहे आणि तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि हौशी छायाचित्रकाराने तिचे अनुकरण करावे, असे आम्हांस वाटत नाही. चित्रातील पिंप त्याला स्वतःच रस्त्यावर न्यावयाचे असते; तो टेकडीवर उभा नाही. त्याचे खरे भांडवल वेगळे आहे: तो परत परत तेथेच येतो. सवारोचे रोप पहिल्या ८ वर्षांत १ ते १.५ इंच वाढते. त्याला पहिली फांदी फुटावयास बहुधा ५० ते ७५ वर्षे लागतात. एकाच अंगणाची दहा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवावीत. भिंतीचा रंग बदललेला, मोटार बदललेली, कदाचित बिऱ्हाडही. निवडुंग मात्र जवळजवळ तेवढाच. महिनाभराच्या मुक्कामास आलेल्या व्यावसायिकास हे साधणे नाही. येथे जिव्हाळा आहे, पण तो सांगावा लागत नाही. उलट, प्रत्येक वेळी संध्याकाळचीच वाट पाहिली असेल तर दहा वर्षांचा संग्रह हे एकच चित्र ठरते.

अशा संग्रहांत कधी एखादे दुपारचे चित्र सापडते. भिंत जवळजवळ कोरी, मोटारीखाली मिट्ट काळोख, पिंपाची सावली त्याच्याच बुडाशी गोळा झालेली. मालक ते 'बिघडले' म्हणून बाजूला ठेवतो. निवड करावयास बसल्यास आम्ही प्रथम ते उचलू.