विचारणेचे भय : ‘पँडोराच्या पेटी’च्या रूपकाची मीमांसा

घरात मारहाण होते काय, असे रुग्णस्त्रीला विचारण्यास डॉक्टर का कचरतात, या विषयावरील लेखनात नॅन्सी सग आणि थॉमस इनुई यांच्या १९९२ सालच्या निबंधाला अग्रस्थान द्यावे लागते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधास ३८ डॉक्टरांच्या मोकळ्या मुलाखतींचा आधार आहे. वेळेची ओढाताण, रुग्णास अपमान वाटेल ही धास्ती, आपल्या हातून काहीच होणार नाही ही असहायता, परिस्थिती हाताबाहेर जाण्याची भीती, आणि आपल्यासारख्याच सुस्थित घरात असे घडत असेल हे मानण्याची मनाची नाखुशी, अशी कारणे त्यांतून पुढे आली. निबंधाने डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, त्यांना बोलू दिले. हा त्याचा मोठा गुण होय. पण या साऱ्या भावनांचे सार निबंधकारांना ज्यात दिसले, आणि शीर्षकातही ज्याला स्थान मिळाले, ते पँडोराच्या पेटीचे रूपक जितक्या चिकित्सेने तपासावयास हवे होते तितके तपासले गेलेले नाही.

ग्रीक कथेत पँडोरा पेटी उघडते आणि तोवर सुखात असलेल्या मानवजातीवर आपत्ती कोसळतात. (मूळ कथेतील पात्र रांजण होते, पेटी ही पुढील काळातील लॅटिन भाषांतराची करामत.) म्हणजे या कथेत दुःखाचा आरंभ उघडण्याच्या कृतीपासून होतो. दवाखान्यात आलेल्या स्त्रीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिच्या आपत्ती केव्हाच बाहेर पडलेल्या असतात आणि तिच्याच घरात वावरत असतात. झाकण असते ते केवळ डॉक्टरच्या दृष्टीपुरते. तेव्हा ‘पेटी उघडेल’ असे डॉक्टर म्हणतो, तेव्हा तो तिच्या आयुष्याविषयी नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या वेळेविषयी बोलत असतो. रूपकाने ही अदलाबदल इतक्या बेमालूमपणे केली आहे की, न विचारणे हा संयम वाटू लागतो.

तो संयम नव्हे, हे एव्हन स्टार्क, अ‍ॅन फ्लिटक्राफ्ट आणि विल्यम फ्रेझियर यांनी १९७९ सालीच दाखवून दिले होते. एका रुग्णालयाच्या आकस्मिक विभागातील ४८१ स्त्रियांचे कागद त्यांनी तपासले. डॉक्टरांना ३५ पैकी एकच स्त्री मार खाल्लेली दिसली होती. अभ्यासकांच्या मते हे प्रमाण चारांत एक असे होते. याहून बोलके आहे ते पुढचे. मार खाणाऱ्या स्त्रियांच्या कागदांवर मनोविकाराची लेबले आणि गुंगी आणणाऱ्या औषधांच्या नोंदी अधिक आढळल्या. पेटी बंद राहिली नव्हती. तिच्यावर भलतीच चिठ्ठी चिकटवली गेली होती. आपल्याकडील केसपेपरावर ‘घसरून पडली’, ‘चुकून औषध पोटात गेले’ अशा नोंदी वाचणाऱ्यास ही चिठ्ठी परकी वाटणार नाही.

तरीही डॉक्टरांचे भय निव्वळ बहाणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना केलेली पृच्छा त्या रात्री बाईच्याच अंगाशी येऊ शकते. सरसकट विचारणेचे फलितही अद्याप वादग्रस्त आहे. २०१३ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना विचारणा करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सरसकट विचारणेस नकार देऊन, लक्षणे तशी दिसतील तेथे विचारावे, असा कौल दिला. मतभेद उघड आहे. पण विचारल्यानंतर स्त्रीला कोठे पाठवावयाचे याची सोय दोघींनीही गृहीत धरली आहे. आरोग्य संघटनेने तर प्रशिक्षण, एकांत, गुप्तता, कार्यपद्धती आणि पुढील साहाय्याची व्यवस्था या किमान अटीच घातल्या. १९९२ च्या निबंधात जी ‘असहायता’ डॉक्टरच्या मनाचा दोष म्हणून वाचली जाते, ती येथे रुग्णालयाच्या रचनेतील उणीव ठरते. वृत्तींची मोजदाद करणाऱ्या प्रश्नावल्यांतून हा भेद निसटतो. ‘विचारण्यास संकोच वाटतो’ या उत्तरापुढे खूण करणाऱ्या डॉक्टरला विचारण्याजोगी स्वतंत्र खोली आहे काय, हे त्यांत सहसा नसते.

मुंबईतील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून. परिचारिका आणि डॉक्टर यांना प्रशिक्षण मिळाले, आणि संशय आला तर त्या स्त्रीला त्याच इमारतीत पाठवता येईल असे एक दार मिळाले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमातील ७ वे कलम मात्र पीडित स्त्रीने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने अथवा सेवा पुरविणाऱ्या संस्थेने, विनंती केल्यावर वैद्यकीय साहाय्य देण्याचे बंधन घालते. जी स्त्री विनंती करीत नाही, ‘मोरीत पाय घसरला’ एवढेच सांगून खाली पाहते, तिच्याविषयी ते कलम मौन पाळते. आणि दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांत हीच अधिक.