अर्बुदाचे माप आणि हृदयाचे माप

चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या, किरणोत्सारी चिकित्सेला ज्या संशोधनाने प्रतिष्ठा मिळवून दिली, ते ‘नेटर-१’ या नावाने ओळखले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मध्यांत्रातील अर्बुदांचे २२९ रुग्ण होते. ल्युटेशियम-१७७ डोटाटेट दिलेल्या गटात वीस महिन्यांअखेर रोग न वाढता जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण ६५.२ टक्के, तर केवळ अधिक मात्रेने ऑक्ट्रिओटाइड दिलेल्या गटात ते १०.८ टक्के आढळले. हे यश निर्विवाद होय. तथापि या यशाचे माप कोणते, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

या रोगात हृदय कसे बिघडते, ते येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आतड्यातील अर्बुदातून स्रवणारे सेरोटोनिन यकृतात बव्हंशी नष्ट होते. यकृतातच दुय्यम गाठी झाल्या, की ते थेट उजव्या हृदयात पोहोचते. तेथे त्रिदल व फुप्फुसीय झडपांवर तंतुमय थर चढतो. पडदे जाड, आखूड व ताठर होतात आणि रक्त उलटे वाहू लागते. फुप्फुसे सेरोटोनिनचे विघटन करीत असल्यामुळे डावी बाजू सहसा वाचते. अलिंदांमधील पडद्यास छिद्र असल्यास किंवा अर्बुद फुप्फुसातच असल्यास मात्र ती वाचेलच असे नाही. एकदा ताठरलेली झडप स्राव कमी झाल्याने पूर्ववत होत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘नेटर-१’कडे पाहिले असता दोन उणिवा दिसतात. पहिली अशी, की चाचणीचा मुख्य निकष अर्बुदाच्या वाढीचा होता, झडपेच्या स्थितीचा नव्हे. दुसरी अधिक गंभीर आहे. अनियंत्रित हृदयविफलता असलेले रुग्ण चाचणीतून वगळलेले होते. वगळण्यास सबळ कारण होते, हे मान्य केले पाहिजे. मूत्रपिंडांच्या रक्षणार्थ या उपचारात लायसिन व आर्जिनिन यांचे द्रावण सुमारे चार तास शिरेतून द्यावे लागते, आणि गळक्या त्रिदल झडपेला हा द्रवभार सोसवतोच असे नाही. परंतु मग निष्कर्षाची व्याप्तीही तेवढीच आखडती ठेवली पाहिजे. ज्यांचे हृदय धड होते त्यांच्याविषयीचा पुरावा ज्यांचे हृदय खचले आहे त्यांना जसाच्या तसा लावणे तर्कदुष्ट ठरेल.

हा आक्षेप आपल्या भागास दूरचा नाही. ट्रॉम्बे येथे ल्युटेशियम-१७७ तयार होते व परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार होतात. खडवलीचा रुग्ण कसाऱ्याच्या लोकलने तेथवर जाऊ शकतो. प्रश्न असा, की तो कोणत्या अवस्थेत पोहोचतो. चेहऱ्यावरची लाली, जुलाब, पुढे पायांवर सूज व पोटात पाणी. ही लक्षणे सुटीसुटी पाहिली तर निरनिराळ्या रोगांच्या नावावर सहज जमा होतात. हृदयाची ध्वनिलहरी-तपासणी, म्हणजे इको, आणि रक्तातील एनटी-प्रोबीएनपीचे मोजमाप यांसाठी परळ गाठण्याची आवश्यकता नाही. ते कल्याणातही होऊ शकते. आवश्यकता आहे ती वेळीच आठवण होण्याची.

झडप बदलणे हा आज खऱ्या अर्थाने झडपेवरचा उपाय आहे. मूत्रल औषधांनी सूज उतरते, दोष जात नाही. भूल देताना अर्बुदातून एकाएकी स्राव सुटून रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासून ऑक्ट्रिओटाइड शिरेतून चालू ठेवतात. उजवे निलय पुरते थकण्यापूर्वी हा निर्णय झाला पाहिजे, आणि तो अर्बुदतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यावयाचा आहे.

सारांश, ‘नेटर-१’चे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, ते अपुरे वाचले जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. अर्बुद स्थिर आहे असा अहवाल हाती असताना रुग्ण हृदयविफलतेने दगावू शकतो. म्हणून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात प्रथम हे पाहावे, की त्यात हृदयाची नोंद आहे काय, आणि नसल्यास कोणाला बाहेर ठेवून ते आकडे मिळाले.