संख्यात्मक अर्थशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन : एक आक्षेप

भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्यात्मक अर्थशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश हवा असल्यास कलन, रेषीय बीजगणित व संभाव्यता अवगत असावी लागते. ही अट अवास्तव नव्हे. गणितावाचून अर्थमिती शिकता येत नाही. दहावीनंतर गणित सोडलेल्या आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांस ती जाचक वाटते, हा दोष आपल्याच पदवी अभ्यासक्रमाचा होय.

आक्षेप निराळा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापिलेल्या याच संस्थेने राष्ट्रीय नमुना पाहणीचा पाया घातला. त्या पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांवरून वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत भारतातील दारिद्र्याचे मापन केले. ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. दरडोई २२५० उष्मांक हा त्याचा आधार. त्यातील गणित पदवीच्या विद्यार्थ्यासही झेपेल असे आहे. कठीण असते ते आकड्यापूर्वीचे काम : शेतकऱ्याने घरीच खाल्लेल्या धान्याची किंमत कोणत्या भावाने धरावी? सणाचा खर्च नेमका आठवतो कोणाला? ही जाण प्रवेश परीक्षेत पारखली जात नाही, हे एक वेळ समजू शकते. परंतु प्रवेशानंतर तरी विद्यार्थ्यास एक सत्र प्रश्नावली देऊन खेड्यात धाडावयास हवे, आणि त्या कामास गुणही असावेत.