'लोकनाट्य तमाशा मंडळ' : एका नामाभिधानाची चिकित्सा

तमाशाच्या फडांच्या फलकांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' ही अक्षरे सर्रास आढळतात. केवळ अर्थाच्या दृष्टीने पाहिल्यास ही द्विरुक्तीच होय. स्वातंत्र्योत्तर काळी मुंबई राज्यात तमाशावर निर्बंध आले, त्या सुमारास 'लोकनाट्य' हा शब्द 'तमाशा'च्या जागी रूढ होऊ लागला. आणि त्याच्या प्रसाराचे श्रेय बव्हंशी अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाकडे जाते. 'तमाशा' हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला व येथे त्याला 'फजिती, बोभाटा' असाही अर्थ चिकटला. तेव्हा नामांतराची निकड समजण्यासारखी होती. परंतु फडांनी नवा शब्द स्वीकारताना जुना टाकला नाही. पहिला शब्द परवाना देणाऱ्यासाठी आणि दुसरा जत्रेला जमणाऱ्या गावकऱ्यासाठी, अशी ही वाटणी दिसते.

नव्या नावाची प्रतिष्ठा मात्र सर्वांच्या वाट्यास सारखी आली नाही. १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेले वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' नागर प्रेक्षकांनी लोकनाट्य म्हणून डोक्यावर घेतले; कनातीत नाचणारी स्त्री त्यांच्या लेखी तमाशातलीच राहिली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

कलावंतांच्या बाजूने मराठीत जे लिहिले व बोलले जाते, त्याचा शब्दसंग्रह तपासला तर 'सेवा', 'साधना', 'सन्मान', 'मानधन' हेच शब्द पुनःपुन्हा येतात. शासनाची १९५४-५५ पासून चालत आलेली वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची योजनाही मानधनाचीच आहे. वेतन मागता येते. मानधन दिले जाते, आणि ते किती द्यावे हे देणारा ठरवितो. (अंगणवाडी व आशा सेविकांच्या मोबदल्यासही हाच शब्द लावला जातो, हे योगायोगाने घडलेले नाही.)

याउलट फडाची स्वतःची परिभाषा रोखठोक आहे. नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची 'सुपारी' देतात. कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून 'उचल' घेतो व ती फिटेपर्यंत बांधला जातो. फडमालकही बहुधा सावकाराचा देणेकरी असतो. २०२० च्या चैत्रात टाळेबंदीमुळे जत्रा रद्द झाल्या व सुपाऱ्या बुडाल्या, तेव्हा उचल मात्र अंगावर राहिली. त्या वेळी 'लोककला जगली पाहिजे' असे पुष्कळांनी लिहिले. उचलीच्या व्यवहाराला कायद्याची चौकट हवी, हंगामाचा करार लेखी हवा, ही मागणी त्या लेखनात क्वचितच दिसते. कारण 'उचल' हा शब्द त्या प्रतिष्ठित शब्दसंग्रहात बसतच नाही.

या भेदाचा आणखी एक परिणाम आहे. कनात बांधणारा, गाडी हाकणारा, पेटी-ढोलकी वाहून नेणारा माणूस मानधनाच्या भाषेत कलावंत ठरत नाही. फडाच्या व्यवहारात मात्र नाचणारी, सोंगाड्या आणि हा माणूस यांच्यात त्या बाबतीत भेद नसतो. तिघेही उचल घेतलेलेच असतात.